भगताचं पिवळं पाणी

वडपाड्यातल्या कमळकडे नवीन माणसाने पाहिलं की त्याची नजर आधी तिच्या तोंडाकडे जाते. वरचे पुढचे दात नाहीत, खालचा ओठ एका बाजूला ओढलेला, आणि 'प' म्हणायला गेली की नुसती हवा बाहेर पडते. बघणाऱ्याला वाटतं, पडली असेल कुठेतरी. ती पडली नव्हती. तिचे दात भर दुपारी, देवळासमोर, वरवंट्याने पाडले होते, आणि पाडणारा तिच्याच मांडीवर वाढलेला पुतण्या होता.

वडपाडा भिवंडीजवळ, शेलार गावाच्या पुढे, नदीच्या वळणावर. सगळी आगऱ्यांची घरं. पूर्वी भातशेतीवर भागायचं. पुढे रस्त्याकडच्या शेतांत गोदामांचे पत्रे चढले आणि ज्यांची जमीन रस्त्याला लागून होती ती माणसं बघता बघता शेठ झाली. कमळचे थोरले दीर केसरीनाथ त्यांतलेच. भिवंडीत धामणकर नाक्यावर त्यांचं रेती-सिमेंटचं दुकान होतं. धाकटा भाऊ पंढरी, म्हणजे कमळचा नवरा, मात्र लूमवरच राहिला. यंत्रांच्या खडखडाटाने त्याचे कान गेले होते. घरात सगळे त्याच्याशी ओरडून बोलत. कमळ तेवढी त्याच्या खांद्याला हात लावून, तोंड समोर आणून, हळू बोलायची, आणि तिचंच त्याला नीट कळायचं. दोघांना मूल झालं नाही. केसरीनाथांचा प्रितम लहानपणी आईपेक्षा तिच्याकडेच जास्त असायचा. तिच्या हातची भाकरी असली तरच जेवायचा.

कमळ खाडीकाठची. तिच्या माहेरी म्हणत की खाडीच्या एका वळणाला गिऱ्हा राहतो आणि माणसाला पाण्यात ओढतो. परकर नेसायच्या वयात तिने बापाला विचारलं होतं, गिऱ्हा कोणी बघलाय? बाप म्हणाला, सगळे सांगतात. सगळे म्हणजे कोण, असं तिने पुन्हा विचारलं, तेव्हा बापाने होडीतलं वल्हं उचलून तिच्या पाठीत घातलं. वळ गेले, सवय गेली नाही. सासरीही ती तसंच विचारायची, पण पंढरी हसायचा आणि गोष्ट तिथेच संपायची.

दोन हजार दोन साली पंढरीला कावीळ झाली.

केसरीनाथांनी त्याला लडकू भगताकडे नेलं. लडकूचं घर वस्तीच्या टोकाला, चिंचेखाली. कावीळ उतरवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही, अशी ख्याती वज्रेश्वरीपर्यंत होती. तो पुढ्यात पितळेची परात घ्यायचा, रोग्याचे हात कसल्याशा पाल्याने चोळायचा, मग चुन्याच्या निवळीने धुवायचा. हातांवरून पिवळंधमक पाणी परातीत उतरायचं. बघणाऱ्याला वाटायचं, रोगच उतरतोय. पंढरीचंही उतरलं. दर खेपेला उतरलं. परात पिवळी होत गेली आणि पंढरीचे डोळेही पिवळे होत गेले. कमळ म्हणत राहिली की भिवंडीला डॉक्टरला दाखवू. केसरीनाथ म्हणाले, उतरतेय ते दिसत न्हाय तुला?

पुढे पंढरीला भ्रम झाला. तो माणसं ओळखेना, भिंतीवर डोकं आपटायला लागला, एकदा कमळच्या मनगटाला कडकडून चावला. लडकूने सांगितलं की आता कावीळ राहिली नाही, झाड लागलंय, म्हणजे भुताने धरलंय. ओटीवरच्या खांबाला त्याला बांधलं, आणि भिजवलेल्या दोराने लडकू त्याला मारू लागला. दोर अंगावर बसला की त्याचा ओला, जड आवाज व्हायचा. पंढरी कोणाचंच ऐकत नव्हता, त्याचे कान तर आधीच गेले होते. तो नुसता वर बघत होता. कमळने पाय धरले. पंढरीचे नाही, लडकूचे. त्याने तिला लाथेने बाजूला सारलं आणि म्हणाला, बाईनं मधी येऊ नये, झाड तिच्यावर बसंल. संध्याकाळी पंढरीने रक्त ओकलं. ठाण्याला नेताना टेम्पोतच तो गेला.

दवाखान्यातल्या डॉक्टरने त्याच्या पाठीवरचे वळ पाहिले आणि कोणी मारलं ते विचारलं. केसरीनाथ टेम्पोचं भाडं द्यायला बाहेर गेले. कमळने डॉक्टरला एकच विचारलं, आधी आणला असता तर वाचला असता का? डॉक्टर तरुण होता. तो म्हणाला, सांगता येत नाही; कदाचित वाचलाही असता. हे 'सांगता येत नाही' कमळच्या मनात बसलं. आजवर तिला असं कोणी म्हटलंच नव्हतं. तिच्या आयुष्यात भेटलेल्या प्रत्येक पुरुषाला सगळं ठाऊक असायचं.

दिवस-कार्य झाल्यावर ती शेजारच्या गोदूला घेऊन लडकूकडे गेली. गोदू तिच्याच वयाची, तिच्यासारखीच तोंडाळ; नवऱ्याने टाकल्यावर एकटीने पाच-सहा म्हशी राखून होती. दोघींनी आधी ठरवलं होतं. कमळ म्हणाली, बाबा, मला पण कावीळ झालीय वाटतं. लडकूने डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या, मान डोलावली, हात चोळले, धुतले. पाणी पिवळं उतरलं. मग गोदू पुढे झाली. म्हशीचं दूध पिऊन ठणठणीत असलेल्या गोदूच्या हातांतूनही तेवढंच पिवळं पाणी निघालं.

ते कशाने पिवळं होतं, हे कमळला कळलं नाही. पाल्याने, चुन्याने की आणखी कशाने. तिला एवढंच कळलं की कावीळ नसलेल्या हातांतूनही ते निघतं. मग ती कावीळ कशी असेल? दुसऱ्या दिवशी नळावर तिने हे सगळ्या बायकांना जसंच्या तसं सांगितलं. बायका आधी हसल्या, मग एकेक करून गप्प झाल्या, कारण प्रत्येकीच्या घरचं कोणीतरी त्या परातीपुढे बसून आलं होतं. संध्याकाळी केसरीनाथांनी ओटीवर, चारचौघांत, तिच्या थोबाडीत मारली. भाऊ गेला आणि हिला खेळ सुचतात, असं म्हणाले. प्रितम तेव्हा विशीचा होता. तो दारात उभा राहून सगळं बघत होता, आणि रात्री गुपचूप काकीला भाकरी देऊन गेला.

लडकूकडे लोक जायचे थांबले नाहीत. काही कमी झाले, एवढंच. पण कमळ वाटेने दिसली की तो थांबून तिच्याकडे एकटक बघायला लागला.

दोन वर्षांनी, गणपती उठल्यावर, वस्तीत तापाची साथ आली. घराघरांतून माणसं हुडहुडत पडली. प्रितमचं लग्न झालं होतं. त्याची बायको विनिता, आणि त्यांची पोरगी अजून रांगतही नव्हती. पोरीला ताप चढला, आकडी आली आणि उजाडायच्या आत खेळ संपला. प्रितमने तिला नदीकाठी पुरलं, हाताने माती लोटली आणि घरी न जाता तडक लडकूकडे गेला. लडकूने सुपात तांदूळ टाकले. नाव घेतलं नाही. म्हणाला, घरातलीच हाय, कपाळ पांढरं हाय, कूस रिकामी हाय. वस्तीत अशी बाई एकच होती.

ते आले तेव्हा कमळ अंगणात तांदूळ निवडत होती. प्रितमच्या मागे वीस-पंचवीस माणसं होती, आणि त्यांच्यात तिला रोज नळावर भेटणाऱ्या बायकाही होत्या. प्रितमने तिचे केस मुठीत धरले आणि ओढत नेलं. सूप उलटलं, पाटी उलटली, तिचा गुडघा पायरीच्या दगडावर फुटला. देवळापर्यंतच्या वाटेवर ती उठायचा प्रयत्न करायची आणि कोणीतरी कमरेत लाथ घालायचं. एका बाईने, जिला कमळने बाळंतपणात शेक-शेगडी केली होती, तिच्या तोंडावर चपलेने मारलं. देवळासमोर तिला पाडलं. कोणीतरी कात्री आणली होती. केस कापताना कानाची पाळही कापली गेली. रक्त गळ्यावरून खाली गेलं. तिला ते आधी घामच वाटलं.

प्रितम तिच्यासमोर उकिडवा बसला होता. त्याच्या नखांत अजून पोरीच्या खड्ड्यातली माती होती.

"प्रितम," ती म्हणाली, "तू बघलास मना काय करताना?"

"भगतानं बघलाय."

"भगत माज्या घरात कवा आला होता? कुठून बघला त्यानं?"

त्याने मारलं नाही. तो लडकूकडे बघायला लागला. तेवढ्या सवडीत कमळने जमलेल्यांना सांगितलं, मला खोलीत कोंडा. बाहेरून कुलूप लावा, पहारा ठेवा. ताप थांबला तर मी. न्हाय थांबला तर मी न्हाय. गर्दीतला एक म्हातारा म्हणाला, ही बरोबर बोलतेय. दोन-चार माना हलल्या. कमळला त्या क्षणी खरोखर वाटलं की आपण सुटलो.

लडकू म्हणाला, "कुलपानं चेटूक अडत न्हाय. दात पाडा. दात नसले का मंतर लागत न्हाय."

"कुलपानं अडत न्हाय, तर दात पाडून कसा अडंल?" कमळने विचारलं.

उत्तराऐवजी पहिला दगड आला. तो खांद्याला लागला. मग दोघांनी हात धरले, एक जण छातीवर बसला, आणि कोणाच्या तरी घरातला वरवंटा प्रितमच्या हातात दिला गेला. प्रितम रडत होता. रडत रडतच त्याने पहिला घाव घातला. ओठ फाटला, दात आत वळले. दुसऱ्या घावाला जबडा बाजूला सरकला. त्यानंतर कमळला आपल्याच घशातला आवाज तेवढा ऐकू येत होता. डोकं एका बाजूला वळवायचं, नाहीतर रक्ताने गुदमरू, एवढंच तिला सुचत होतं.

गोदू गोठ्यावरून आली ती कोयता घेऊनच. तिने कोणाला समजावलं नाही. छातीवर बसलेल्याच्या दंडावर तिने कोयता चालवला. तो किंचाळून बाजूला पडला, हाड दिसत होतं. मग ती कमळच्या अंगावर दोन्ही बाजूंनी पाय टाकून उभी राहिली आणि म्हणाली, पुढच्याची मान. प्रितमच्या हातातला वरवंटा खाली पडला. गर्दी मागे सरली. गोदूने कमळला दुधाच्या टेम्पोत घातलं आणि भिवंडीच्या सरकारी दवाखान्यात आणलं. रस्ताभर कमळच्या तोंडाखाली धरलेली किटली लाल होत होती.

ती दवाखान्यात असताना वस्तीतला ताप काही थांबला नाही. आणखी एक माणूस गेलं. तिच्या दातांविना, तिच्याविना, साथ आपली चालूच होती. वस्तीत हे कोणी मोठ्याने बोललं नाही. काही जण म्हणाले, तिचं चेटूक भिवंडीवरून पण पोचतंय.

खाडीकडून तिचा भाऊ जीवन आला. बहिणीचं तोंड बघून तो भिंतीकडे वळला. मग बाजूला बसून सांगायला लागला. हे सगळं केसरीनाथने घडवलंय. पंढरीच्या वाटणीची जमीन रस्त्याला लागून, गोदामाला तीच हवी. बाई हाकलली की रान मोकळं. लडकूला त्यानेच शिकवलं. नाक्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. जीवनबरोबर आणखी चार-पाच जण आले होते. ते खाली उभे होते, आणि त्यांच्याकडे फावड्यांचे दांडे होते.

"ताय, तू फकस्त व्हय म्हन," जीवन म्हणाला. "आज त्याचे हातपाय मोडतो."

कमळचा जबडा बांधलेला होता. ती दातांच्या जागेतून, तुटक तुटक बोलली. तुला कोणी सांगितलं? शेअर रिक्षावाल्याने. त्याला? लडकूच्या ओळखीच्या एकाने. त्याचं नाव? जीवनला नाव ठाऊक नव्हतं.

केसरीनाथांनी मारलेली चपराक तिच्या गालाला अजून आठवत होती. दोराचा तो ओला आवाज आठवत होता. खांबाला बांधलेल्या भावाकडे न बघता ओटीवर बसून राहिलेला तो माणूस आठवत होता. त्याचे हातपाय मोडले तर तिला बरंच वाटलं असतं, हे ती स्वतःपासून लपवत नव्हती.

"मना पन तसाच वाटते," ती म्हणाली. "पन मी बघला न्हाय, ऐकला न्हाय. देवलासमोर पन सगले हेच बोलत होते, सगल्यांना ठावूक हाय म्हनून."

जीवन म्हणाला, मारानं तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय. तो खाली उतरला. ती खाटेवरून उठली, सलाईन ओढत जिन्यापर्यंत गेली आणि तिथेच चक्कर येऊन पडली.

केसरीनाथांना दुकानासमोर, भर नाक्यावर मारलं. रिक्षा थांबल्या, दुकानांची शटरं अर्धी खाली आली, पण मध्ये कोणी पडलं नाही. दांडे गुडघ्यांवर चालवले. शेवटचा कानावर बसला. त्यांना आणलं ते त्याच दवाखान्यात, आणि कमळने त्यांना जिन्यावरून वर नेताना पाहिलं. पाय भलत्याच दिशेला लोंबत होता, पांढरा सदरा कॉलरपासून खिशापर्यंत लाल. त्यांनीही तिला पाहिलं. ती जवळ गेली आणि तिने विचारलं, भावजी, तुम्ही सांगितलं होतं भगताला? त्यांनी तोंड फिरवलं. ते हो म्हणून फिरवलं, की या बाईने आपल्याला विचारावंच कसं म्हणून, हे तिला तेव्हाही कळलं नाही आणि पुढेही कधी कळलं नाही.

खटला उभा राहायला वर्षं गेली. चेटकीण म्हणून बाईला मारण्याविरुद्ध तेव्हा वेगळा कायदा नव्हता. मारहाणीचीच कलमं लागली. सरकारी वकिलाला केसरीनाथ आरोपी म्हणून हवे होते. जमिनीचं कारण पुढे आलं की खटला पक्का होतो, असं त्याने कमळला दोनदा समजावलं. साक्षीला उभी राहिल्यावर ती म्हणाली की भावजी तिथे नव्हते. त्यांनीच हे करवलं असं तुमचं म्हणणं आहे का, असं वकिलाने विचारलं. ती म्हणाली, वाटतं, पण बघितलेलं नाही. मग तिने जे बघितलं होतं ते सांगितलं: लडकू काय बोलला, छातीवर कोण बसलं, हात कोणी धरले. वरवंटा कोणाच्या हातात होता, हा प्रश्न आला. प्रितम समोर उभा होता, बारीक झालेला. तिने बोट उचललं आणि त्याचं नाव घेतलं. मागच्या बाकावरून तिची जाऊ, प्रितमची आई तुळजा, हिने तिला शिव्यांची लाखोली वाहिली. लडकू आणि प्रितम दोघांनाही शिक्षा झाली. गोदूवरही कोयत्याची केस होती; ती मात्र सुटली.

दुसरा खटला केसरीनाथांनी जीवनवर केला होता. त्यातही कमळला बोलावणं आलं. जीवनने माणूस पाठवून सांगितलं, तू फक्त एवढंच म्हण की मी दवाखान्यात आलोच नव्हतो. ती म्हणाली की तो आला होता आणि हातपाय मोडतो म्हणाला होता. त्या वर्षी भाऊबीजेला माहेरहून कोणी आलं नाही. पुढेही कधी आलं नाही. गोदूसुद्धा तिच्यावर चिडली. जग सगळं खोटं बोलून जगतंय, तुलाच काय मेली खऱ्याची खाज, असं म्हणून महिनाभर ती कमळशी बोलली नाही. कमळकडे तेव्हा भाऊ तुटल्याचं दुःख तेवढं होतं.

ती वडपाड्यातच राहिली. घर तिचं होतं, जमीन तिची होती. पोरं लांबून दगड मारायची, मग तीही मोठी झाली.

प्रितम तुरुंगातून सुटून आल्यावर विनिताला पुन्हा मुलगी झाली. ती वर्षाची असेल, एका सकाळी विनिता मागच्या दाराने कमळकडे आली. पोर तापाने फणफणली होती. सासू म्हणत होती, लडकूच्या मुलाकडे ने, तो आता बापाची गादी चालवतो. प्रितम नुसता ओटीवर बसला होता. कमळने पायात चपला घातल्या आणि दोघी रस्त्यावर येऊन शेअर रिक्षात बसल्या. धामणकर नाक्याजवळ विनिताने पोरीला छातीशी घट्ट धरून हळूच विचारलं,

"काकी, त्या टायमाला तुम्ही खरंच काही केलं नव्हतं ना?"

इतक्या वर्षांनी, दुसऱ्या पोरीसाठी मदत मागायला येऊनही, हिच्या मनात तो काटा होताच. कमळला राग यायला हवा होता. आला नाही.

"न्हाय," ती म्हणाली. "पन मी सांगते म्हनून मानू नको. रगत तपासून काय येते ते बघ. औषध दे, आन् मग पोर कशी हाय ते बघ."

रक्तात मलेरिया निघाला. आठवड्याने पोर अंगणात मातीत खेळत होती. विनिता त्यानंतर सासू घरात नसली की कमळकडे येऊन बसते, सासू असली की मान खाली घालून पुढे जाते. प्रितम अजून वाटेत समोर आला तर रस्ता बदलतो. पण मध्यंतरी त्याला स्वतःला ताप आला, तेव्हा तो कोणाला न विचारता भिवंडीला गेला आणि रक्त तपासून आला, असं गोदूने कमळला सांगितलं. कमळने विचारलं, तुला कोणी सांगितलं? गोदू म्हणाली, मी त्याच बसमध्ये होते, मेले, तपासणीचा कागद त्याच्या हातात होता, माझ्या डोळ्यांनी बघलाय.